तिरकं पडणं

अंबडच्या आमच्या शेडमध्ये
एक डोकं आहे, बिनकानांचं,
पावणेपाच किलोचं, धातूचं.
गांगुर्डे त्याला साहेब म्हणतो.
मी काहीच म्हणत नाही.
हेल्मेट चढवते, हनुवटीखाली पट्टा आवळते,
दोन बोटं जातील एवढी जागा ठेवते,
वर ओढते
आणि सोडते.

अकरा वर्षं सरळ पाडलं.
सपाट लोखंडावर, ठण्ण.
पडद्यावरची रेघ उंच जायची, खाली यायची,
खाली माझी सही: हे. र. खैरनार. पास.
तोवर चहा आलेला असायचा.

पण रस्त्यावर सरळ कोण पडतं?

भाल्या, माझा धाकटा, गिरणारे रोडला पडला.
पहाटे साडेपाच, पहिली पाळी गाठायची घाई,
कुणाच्या तरी पिकअपमधून सांडलेले टोमॅटो,
त्यांचा लाल चिखल.
वेग फार नव्हता. हेल्मेट आमचंच.
आतल्या लेबलावर बॅच नंबर,
त्या बॅचवर सही माझी.
ओरखडा एकच, करंगळीएवढा.
कवटी शाबूत.

डॉक्टरबाईंनी माझ्याच डब्यातली वाटी घेतली,
त्यात पाणी ओतलं,
टेबलावर गर्रकन फिरवली आणि धरली.
"वाटी थांबली, बघा," म्हणाल्या.
"पाणी थांबलं का?"

तेव्हापासून भाल्या चमच्याला
ते ढवळायचं म्हणतो.
शर्टाला वरचं.
मला ताई म्हणतो, सापडलं तर.
रोज संध्याकाळी मात्र न चुकता विचारतो,
आज किती डोकी फोडलीस?

यंदा दिवाळीनंतर शेडमध्ये नवं यंत्र आलं.
पाट तिरका, पंचेचाळीस अंशांत,
वर खरखरीत कागद, डांबराची नक्कल.
आणि नवं हेल्मेट.
थर्माकोलच्या आत एक पिवळं अस्तर,
पातळ, गुळगुळीत, चार रबरी टाचण्यांवर टेकलेलं.
बोटाने ढकललं तर सरकतं.
किती? पेरभरही नाही.
गांगुर्डे म्हणाला, एवढ्यासाठी दीड हजार जास्त?
मी म्हटलं, पट्टा धर.

ठण्ण वाजलंच नाही.
खर्रर्र असं काहीतरी,
शाळेत बाक ओढल्यासारखं.
हेल्मेट गरकन वळलं,
डोकं मागून वळलं, उशिरा,
आणि थोडंच.
जुन्याची रेघ पडद्यावर अंजनेरीसारखी उभी होती.
नव्याची आली ती पांडवलेण्याच्या टेकडीएवढी.
दोघांमधल्या त्या रिकाम्या जागेत
मी बोट ठेवून बसले.
कॉम्प्युटर म्हणत होता, सेव्ह करू का?
गांगुर्डे म्हणत होता, मॅडम, चहा.

पाडलेलं हेल्मेट आम्ही आरीने कापतो,
फुटपाथवर कुणी विकू नये म्हणून.
त्यातलं अर्धं मी डिकीत टाकून घरी आणलं.
भाल्याने ते नारळाच्या भकलासारखं मांडीवर घेतलं,
पिवळ्या अस्तरावर अंगठा ठेवला.
इकडे. तिकडे. पुन्हा इकडे.
"दात हलतोय," म्हणाला.
आई स्वयंपाकघरातून हसली,
मग नळ सोडल्याचा आवाज आला,
बराच वेळ.

जेवण होईपर्यंत तो ते सरकवत होता.
ताट तसंच.
मग माझ्याकडे बघून म्हणाला,
"हे तेव्हा..."
आणि थांबला.
त्याच्यासाठी थांबायची आता आम्हाला सवय आहे.
आपण सुचवायचं नाही, डॉक्टरबाईंनी सांगितलंय,
त्याचा शब्द त्यालाच सापडू द्यायचा.

"हे तेव्हा..."
अंगठा फिरत राहिला.
त्याला सापडला नाही.
मला सापडला होता.
मी भात वाढला.