थांब, थांबू नकोस

आमच्याकडे परदेशी सिनेमाला
एकच आवाज पुरतो.
नवरा, बायको, वकील, मोलकरीण,
सगळ्यांचं बोलणं एकच माणूस वाचतो,
इस्त्री केलेल्या चादरीसारखं सपाट.
वूच शहरात, पोलंडमध्ये,
तो माणूस एकोणीस वर्षं मी होतो.

दिवसा मी मुंग्यांची वारुळं वाचायचो,
खोल समुद्रातले आंधळे मासे.
यादविगा ते माहेरी अभिमानानं सांगायची.
रात्री साडेअकरानंतरचं मात्र
माझ्या मूळव्याधीसारखं
घरातल्या घरात ठेवायची.

जुन्या कापडगिरणीचं तळघर,
भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे,
काचेपलीकडे झेमोवित, हेरिंग मासा न् पाव खात.
आणि मी:
"तुझा नवरा बुधवारपर्यंत येणार नाही."
लगेच, त्याच पट्टीत:
"मी आलोय."
"थांब," मी म्हणायचो.
"थांबू नकोस," असंही मीच म्हणायचो.
धापा टाकायचं काम
पडद्यावरचे दोघे करत होतेच.
मी पान उलटायचो,
कागद वाजू न देता.

काय नव्हतं त्या कथांत?
काचेचं घर, विम्याची रक्कम,
सुटायलाच शिवलेला रेशमी झगा,
चौकशीला येऊन राहायलाच आलेला इन्स्पेक्टर.
मेलेला माणूस होडीवर शिटी वाजवत बसलेला.
आणि जुळी बहीण. बाई गं, ती जुळी बहीण!
आईच्या पोटात दोघी, पण पटकथेत
शेवटच्या सात मिनिटांपर्यंत एकटीच.

बाकीचे निवेदक संहिता आधी घरी वाचायचे,
पेन्सिलीनं खुणा करून आणायचे.
मी नाही.
(आज सांगायला हरकत नाही, पेन्शन सुरू झालंय.)
मला पुढचं पान नको असायचं.
तिसऱ्या दर्जाच्या त्या कथेनं
माझ्या मानगुटीला धरून फसवावं
म्हणून मी पगार घेऊन बसायचो.
एकदाच फसलो तो आवाजासकट:
न्हाणीघराचं दार उघडलं
आणि पुरलेली बाई टॉवेल मागत बाहेर आली.
"तू?" मी म्हणालो,
आणि आवाज फाटला, कोवळ्या पोरासारखा.
झेमोवितनं चावायचं थांबवलं.
"पुन्हा घेऊ?"
"राहू दे," म्हणालो.
राहिला. अजून कुठल्यातरी कॅसेटवर
मी घाबरलेला आहे.

शहरात ते सिनेमे कुणीच पाहत नसे.
कॅसेटच्या दुकानात सगळे
मुंग्यांसाठी यायचे.
ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं,
त्यातही भांडं कोबीखाली.

परवा औषधाच्या दुकानात
रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी गेलो.
"रांगेत शेवटचं कोण?" विचारलं, एवढंच.
सात डोकी वळली.
कुणी छताकडे पाहिलं, कुणी चपलांकडे.
पानी तेक्ला, भूगोलाच्या निवृत्त मुख्याध्यापिका,
लोकरी टोपीखाली कानांपर्यंत लाल झाल्या.
मग माझ्याजवळ सरकून, ओठ न हलवता:
"ते काचेचं घर होतं ना...
त्या रात्री आमच्या इमारतीची वीज गेली.
बावीस वर्षं झाली.
खून कुणी केला?"

रांग पुढे सरकायची थांबली.
खोकणाऱ्यानं खोकला गिळला.
घसा साफ केला.
आणि त्याच आवाजात, चादरीसारख्या,
शेवटचं वाक्य वाचलं,
या खेपेस कागदाशिवाय:
"मी. पण तो अजून मेलेला नाही."

"अगं आई," कुणीतरी म्हणालं.
पानी तेक्लांनी डोळे मिटले,
बावीस वर्षांची वीज आल्यासारखे.

"पुढचा," काउंटरवरची मुलगी म्हणाली.
कुणीच हललं नाही.