धोक्याचा रकाना

शर्वाणी घोरपडेनं धोक्याच्या रकान्यात
एकच शब्द लिहिलाय: मगर.
मी म्हणते, खोड, जीवाणू लिही.
ते तर बशीत झाकलेले असतील, बाई.
मगर मोकळी आहे.

विश्वामित्रीचं पाणी, काळा घोडा पुलाखालचं.
फॉर्म विचारतो: पृष्ठवंशी प्राण्यावर प्रयोग आहे का?
नाही.
पृष्ठवंशी प्राणी प्रयोग करणारीकडे बघत असेल,
तर त्याला रकाना नाही.

पप्पांची सही गुजरातीत.
शाळेचा शिक्का दोनदा उठलाय, एकदा उलटा.
अडलंय ते तारखेपाशी.
पाणी आणलं बाराला,
मंजुरीची जागा अजून कोरी.
‘पुलावर स्कूटर पंक्चर झाली, बाई,
मग म्हटलं, भरूनच घेऊ.’

कोऱ्या जागी अकरा लिहायला काय लागतं,
दोन काठ्या.
पेनाचं टोपण मी काढलं, परत लावलं.

मग बाटलीत ब्लीच ओतलं
आणि बाकावर बसलो दोघी, घड्याळ लावून, अर्धा तास.
मरताना काहीच दिसत नाही.
बेसिनमध्ये फक्त पाणी गेलं.
तिनं वहीत नोंदवलं: नमुना एक, नष्ट.
कारण: तारीख.

सही गुरुवारी आली तर शुक्रवारी जाऊ,
दोरी बांधलेला डबा घेऊन, जबाबदार प्रौढ व्यक्तीसह.
ती व्यक्ती मी.
मगर रकान्यात तशीच राहू दिली.
शेजारी, ‘खबरदारीचे उपाय’ खाली,
सुवाच्य अक्षरात:
बाई पुढे उभ्या राहतील.

वाचलं. सही केली.