काही घडलं नाही, याचा दाखला

मेरियन प्रॉसरने नऊ वर्षं
काहीही घडू दिलं नाही.
ट्रेडेगरच्या चढावर पहाटे साडेपाचला
मेंढ्या धुक्यातून येऊन रस्त्यात बसायच्या,
सातबारा जणू त्यांच्याच नावावर.
ती थांबायची. हॉर्नसुद्धा नाही.

एकदा पावाच्या व्हॅनने उजवा आरसा उडवला.
तिने क्लेम केला नाही.
गॅरेजवाल्या ह्यूला एकशेदहा पौंड मोजले,
दोन महिने शनिवारचे मासे बंद,
कारण न घडलेल्या गोष्टींची माळ
तुटू द्यायची नव्हती.

विमा हा तसा उलटा धंदा:
काही झालं नाही की तुमची पत वाढते.

मग मार्चमध्ये एजन्सीने पगार चार दिवस उशिरा टाकला.
एकोणचाळीस पौंडांचा हप्ता बँकेने परत पाठवला.
कंपनीने पुन्हा मागितला. पुन्हा परत.
सात दिवसांची नोटीस गेली डेलच्या घरी
(घर तिने सोडलं होतं, पत्ता बदलायचा राहिला होता)
आणि डेल पत्रं उघडत नाही,
हॉटेलांच्या मेन्यूकार्डांखाली सरकवतो.

फोनवरचा पोरगा सभ्य होता. नाव केलन.
"जुनी आठ वर्षं तुमचीच, मॅडम.
फार उशीर न करता दुसऱ्या कंपनीला दाखवा,
बहुतेक मानतील.
हे नववं मात्र धरता येणार नाही."
अकरा महिने झाले होते रे.
"पूर्ण व्हावं लागतं."
त्याच्यामागे कुणीतरी विचारत होतं,
चहात साखर किती.

"आणि यापुढे फॉर्मवर एक प्रश्न येईल:
तुमची पॉलिसी कधी कंपनीने रद्द केली आहे का?
तिथे हो लिहा.
लपवलंत तर आणखी वाईट."

रात्री तिने तीन ठिकाणी भाव काढला.
सवलत शाबूत होती, टक्क्यालाही धक्का नाही.
फक्त जिच्यावर ती मिळायची
ती रक्कम दुपटीला पोचली होती.

एवढं करून अपघात कुठे झाला?
शोधायला गेलं तर
एका खात्यात, गुरुवारी, कुणी जागं नसताना.

सकाळी फिएस्टा दारात उभी, दवाने भिजलेली, निर्दोष.
मेरियन चालत निघाली.
मेंढ्या उठल्याच नाहीत;
पायी माणसाला कोण वाट देतं.

एक्याण्णव वर्षांच्या मिसेस बेननने
गुडघ्यावरचं पांघरूण सारखं करत विचारलं,
आज उशीर? काय झालं, बाई?

मेरियनने मोजे हातात घेतले,
आधी डावा पाय.

काही नाही, म्हणाली.
काहीच झालं नाही.