सुटे

पंचवटी नुकतीच सुटली होती.
बिटको चौकामागच्या गल्लीत
निवृत्ती अरिंगळेंचा बहात्तरावा वाढदिवस
पाच कटिंग आणि एक ताटली भज्यांवर सुरू झाला.
केक नाही. साखर वाढलीये.
भज्यांबद्दल डॉक्टरांना कुणी विचारलं नव्हतं.

गायधनी म्हणाले, शतायुषी व्हा.
इथे थांबलं असतं तर सगळे आठला घरी गेले असते.
पण रफीक मिस्त्री,
विटांचा भाव पाडण्यात ज्यांचा जन्म गेला,
ते म्हणाले, शंभर? म्हणजे उरली अठ्ठावीस.
वाढदिवसाला असं मोजून मापून देतात का राव?
हजार करा.
बोराडे सर म्हणाले, लाख.
स्वतः चहावाला किटली धरून म्हणाला, कोटी,
आणि एक भजं आगाऊ वाढलं.

ताजनपुऱ्यांची नात ओवी
शाळेच्या बसची वाट बघत तिथंच उभी,
एक वेणी सुटलेली.
ती एका श्वासात म्हणाली:
अब्ज खर्व निखर्व महापद्म शंकू
जलधी अंत्य मध्य परार्ध.
आणि मग, श्वास परत आल्यावर:
अंत्य म्हणजे शेवट ना?
मग शेवटानंतर मध्य कसा येतो?

बोराडे सरांनी चष्मा पुसला.
अडतीस वर्षं हा श्लोक त्यांनी घोकून घेतला होता.
चष्मा स्वच्छच होता.

रफीकभाईंचा पोरगा मोबाइलवर हिशोब करत बसला.
काका, तुम्ही आत्तापर्यंत
दोनशे सत्तावीस कोटी सेकंद जगलात.
परार्ध सेकंद जगायचं तर
तीनशे सतरा कोटी वर्षं लागतील.
पेन्शनवाले कोर्टात जातील, गायधनी म्हणाले.
दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा,
अंगठा तरी टिकेल का?

अरिंगळे आपला अंगठा बघत होते.
चौतीस वर्षं नोटप्रेसमध्ये, मोजणीला.
भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर,
दारात दोन्ही हात वर.
खिसे उलटे, डबा उघडा.
घरी यायची ती नखातली शाई,
तीसुद्धा मंदा घासून काढायची,
चिंचेने.

आकडा हाताला लागतो तोवर खरा, ते म्हणाले.
लाख नोटा म्हणजे वजनाला एक जाडा माणूस.
कोटी म्हणजे हजार जाडे,
सबंध गावजेवण.
त्याच्या पुढचं मी मोजलंय,
पण तेव्हा मी मोजत नव्हतो,
बोटं मोजायची,
मी बटाट्याची भाजी असेल का याचा विचार करायचो.

आणि परार्ध? ओवीने विचारलं.
त्यांनी प्रेसच्या भिंतीकडे पाहिलं,
भिंतीवरच्या तारांकडे,
तारेत अडकलेल्या पतंगाच्या शेपटीकडे.
एवढा कागद नसतो बाळ.

मग त्यात एक मिळवला तर?

सगळे हसले. अरिंगळे नाही हसले.
काल रात्री बारापर्यंत ते एकाहत्तर होते
आणि बाराला कुणी उठवलं नाही,
बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच.
अर्थात हे त्यांनी सांगितलं नाही.
ते म्हणाले, एकच तर मिळवतोय आपण,
दरवर्षी,
आणि भजी पुढे सरकवली.

बस आली. ओवी दप्तर फरपटत पळाली,
पायरीवरून ओरडली, परार्ध शुभेच्छा आजोबा,
अधिक एक!
कंडक्टर बाई म्हणाल्या, आत हो.

पैसे कुणालाच देऊ दिले नाहीत अरिंगळेंनी.
शंभराची नोट दिली,
उजेडाकडे धरून, सवयीने.
चहावाल्याने सुटे परत केले.
त्यांनी अंगठा जिभेला लावला,
एकदा मोजले.

एक कमी आहे.

घ्या ना काका, वाढदिवस आहे,
म्हणत त्याने बरणीतली संत्र्याची गोळी
त्यांच्या तळव्यावर ठेवली.

गायधनी, मिस्त्री, सर सगळे उठले, चपला शोधल्या.
अरिंगळे तिथंच उभे,
साखर वाढलेली,
मूठ उघडी.
गोळी बाजूला सारून
त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.