पाणी दोन हात खाली

रात्रीचे पावणेबारा. मार्केट यार्डातून आलो की
हाताची हळद माऊसला लागते, तशीच वाळते.
गेम परत बंद पडला.
त्याच जागी, नदीच्या धक्क्यावर,
नावाडी बोलायला तोंड उघडतो
आणि पडदा काळा होऊन मला माझंच तोंड दाखवतो.

एकशे बारा मॉड घातलेत.
दाट गवत. बोलक्या कोंबड्या. लोहाराला बायको.
घोड्यांचे खरे आवाज, चंद्र जरा मोठा.
मूळ गेम आत कुठं उरलाय
ते बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

सन्मती मगदूम फोनवर म्हणतो,
'निम्मे काढ. चालला तर खोट काढलेल्यात,
नाही चालला तर राहिलेल्यात. परत निम्मे कर.
हळदीचं पोतं बघतोस तसं की रे.'
हळदीचं पोतं तसं बघत नाहीत.
सळई खुपसतात, मूठभर काढतात, नखानं मोडतात.
पण हे मी त्याला सांगत बसलो नाही.

छप्पन्न काढले. चालला.
ते घातले, दुसरे छप्पन्न काढले.
तरीपण चालला.
'पलीकडं जायचंय का?' नावाडी म्हणाला,
दोन्ही वेळेला, अगदी शांतपणे.
म्हणजे एकटं कुणीच वाईट नाही,
बिघाड दोघांत मिळून आहे.
हे आमच्या घरातही तसंच असणार,
तिथं लॉग कोण ठेवतंय.

इथं ठेवतात. साडेचार हजार ओळी.
भडंग संपलं, कागदाची पुडी तेलकट झाली,
आणि तळाशी दोन नावं शेजारी शेजारी सापडली.
एक, गेल्या महिन्यात घातलेल्या 'खऱ्या होड्या'.
दुसरं, 'पाणी_चाचणी_२'.
बनवणाऱ्याच्या जागी माझं नाव.

पुराच्या वर्षाची फाईल.
अकरा दिवस आम्ही शाळेत होतो, तिसरी ब च्या वर्गात.
कॅबिनेट शामरावनगरात, माळ्यावर, गादीत गुंडाळून.
परत येऊन चालू केलं तेव्हा
पंख्यातून चिखलाचा वास आला.
आणि गेममधली नदी धक्क्याच्या तिसऱ्या पायरीला लागलेली,
बनवणाऱ्यांनी हौसेनं लावलेली,
वर उन्हाची चमक.
मला बघवेना.
त्या रात्री बसून एकच आकडा बदलला.
सगळी नदी दोन हात खाली.
मग विसरलो.

आता नव्या होड्या जुन्या उंचीवर पाणी शोधतात.
सापडत नाही. वल्हं हवेत राहतं.
तिथं येऊन गेम जीव सोडतो.

'मग काढून टाक की तुझी ती,' सन्मती.
त्याचं घर चढावर आहे.
काढून बघितली. सेव्ह म्हणाली,
एक फाईल सापडत नाही, तरी पुढं जायचं?
तीनशे बारा तास त्या दोन हातांवर उभे.
मी 'नाही' दाबलं.

पॅच लिहिला. होड्याही दोन हात खाली.
लोड ऑर्डरमध्ये सगळ्यात शेवटी ठेवला,
कारण शेवटी येणाऱ्याचंच चालतं,
आमच्या आटपाडीच्या चुलतीसारखं.

दोन वाजून दहा मिनिटं. चालला.
होडी पाण्याला नीट टेकली.
तेवढ्यात पहिल्यांदा धक्क्याच्या भिंतीकडं लक्ष गेलं.
पाणी उतरवलं होतं मी, ओल नव्हती उतरवली.
दगडावर जुन्या उंचीला एक काळपट पट्टा,
सरळ, दोन हात वर,
आणि त्याखाली शेवाळ.
आमच्या हॉलमधल्याला दोनदा रंग देऊन झालाय.

'पलीकडं जायचंय का?'
तीन उत्तरं असतात. हो. नाही.
तिसरं मी कधी दाबलं नव्हतं:
जरा थांबू.
नावाडी वल्हं आडवं ठेवून बसला.