खिडकीवरचं शीड

आमच्या गावात खिडक्यांना पडदे नसतात.
बापजाद्यांपासून नाहीत. पडदा म्हणजे मिरवणं,
शिवाय पडद्यामागचं प्रभूला दिसतंच,
मग शेजाऱ्याला दिसलं तर काय बिघडलं?

मला पटायचं ते. खरं तर उपयोगी पडायचं.
एकोणीस वर्षांपूर्वी मी बाटली सोडली
त्यात निम्मा वाटा उघड्या खिडक्यांचा.
पलीकडून म्हातारी राउना बघते आहे
हे ठाऊक असलेला माणूस
ग्लास भरताना दोनदा विचार करतो.

मग इंगा-मारितनं अंथरूण धरलं, मे महिन्यात,
आणि इथे मेच्या मध्यानंतर सूर्य मावळत नाही.
मध्यरात्री फ्योर्डच्या पाण्याला टेकल्यासारखं करतो
आणि पुन्हा वर चढतो,
निघतो निघतो म्हणत बसून राहिलेल्या पाहुण्यासारखा.
ती उजेडाकडे पाठ करायची,
तर समोरची भिंत उजळलेली.
अकराव्या रात्री म्हणाली, "निलास,
थोडा अंधार मिळेल का कुठे?"
पाणी मागावं तसं.

मी नावेच्या खोपटात गेलो.
बापाचं तपकिरी शीड काढलं,
कॉडच्या तेलाचा वास, कोपऱ्यात आईचं ठिगळ.
खिडकीवर चार खिळे ठोकले.
हातोडा गावभर ऐकू गेला असणार,
कारण रविवारी प्रार्थनाघरात
माझ्या बाकावर मी एकटाच होतो.

मंगळवारी मंडळीचे वडील ओलाउस आले.
दारातच म्हणाले, "आज पडदा.
उद्या पडद्याला झालर. परवा झालरीचा गर्व."
विहिरीत पडलेल्या बैलाची गोष्ट मला आठवत होती,
पुदिना आणि जिरे मोजून देणाऱ्यांचीही.
बोललो नाही. म्हटलं, आत या, तिला भेटा.

आत काळोख. ते चाचपडत स्टुलावर बसले,
स्तोत्र सुरू केलं,
आणि तिसऱ्या ओळीला आवाज खाली खाली गेला.
एक्याऐंशी उन्हाळे पडद्यावाचून काढलेला माणूस
घोरू लागला.
इंगा-मारितनं मला बोटानं गप्प केलं,
आणि हसली. कितीतरी दिवसांनी.

दोन तासांनी उठले, टोपी शोधली,
शिडाची कड चिमटीत धरून पाहिली.
"खिळे गंजतील," म्हणाले. "लाकडी खुंट्या लाव."

पण मला सांगायचं होतं ते हे नव्हे.
त्या रात्री ती झोपली, अगदी गाढ,
आणि माझ्या ध्यानात आलं,
एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच
मला कोणी बघत नाहीये.
कपाटात तिची जखम धुवायचं स्पिरिट होतं.
हातांना वाट माहीत होती.
ना राउना, ना ओलाउस, ना नियम;
कपाट, मी, आणि तिचा श्वास.
उठलो. बसलो. पुन्हा उठलो.

इंद्रियदमन हे फळ आहे म्हणतात.
आमच्याकडे फळं कसली येणार!
दलदलीत पिवळी बेरी येते, एका देठाला एकच.
तिला कुंपण घालून पाहिलंय लोकांनी.
ती तिला हवं तिथेच येते,
आणि गुडघाभर चिखलात उतरल्याशिवाय
हाती लागत नाही.
त्या रात्री मी गुडघ्यांवर होतो, इतकंच सांगतो.
काय मागितलं ते आठवत नाही.
नुसतं "बाप्पा" म्हणत असेन, लेकरासारखं.

सकाळी (उजेड तोच, घड्याळ म्हणालं म्हणून सकाळ)
बाटली उघडली, तिची जखम धुतली,
बूच घट्ट लावलं.
हातांना वास दिवसभर राहिला.

ऑगस्टात रात्री परतल्या. ती नव्हती.
शीड मी उतरवलं, कोणी सांगितलं म्हणून नव्हे,
बाहेर पुरेसा काळोख होता म्हणून.

पुढच्या जूनमध्ये राउना दाराशी आली,
इकडे तिकडे बघत, नजर चुकवत.
"नातवाचे डोळे आलेत," म्हणाली.
"उजेड सोसवत नाही पोराला. ते तुझं..."

खुंट्यांसकट दिलं.