आराखडा नकाशा

पूर्वपरीक्षेला दोन दिवस.
हर्णैला मासळीचा लिलाव चाललाय,
मी उलट्या टोपलीवर बसून ब्राझील पाठ करते.
इथे संध्याकाळचे साडेपाच,
तिथे आत्ता कुठे सकाळचे नऊ.

‘कारणे द्या: पश्चिम किनारा दंतुर आहे.’
बाबा जाळं सोडवता सोडवता म्हणतात,
दात मला विचार.
आणि मोजतात: म्हातारी, जोडखडप, आंधळा,
मग तो बिननावाचा,
नामाकाकाची होडी खाल्लेला.
उत्तराला जागा दोन ओळींची.

नकाशात हर्णै नाही.
किनारा काढताना रत्नागिरीच्या वर
पेन्सिल मी मुद्दाम थोडी आत वळवली.
पावसेबाईंनी लाल गोल केला:
रेषा सफाईदार हवी.

खोडलं.
पण बोट फिरवलं की
तिथे खळगा लागतो.